माझ्या मापाचं जाकीट

यंदा थंडी लवकर उतरली. परवा सकाळी अंगणातला नळ सोडायला गेले, तर तोटी हाताला चावली. रस्त्यापलीकडच्या केळीच्या बागेत पानांवरून दव असं टपटपत होतं की, नुकतीच एखादी सर येऊन गेली असावी असं वाटावं. बांधावर कुणी काडीकचरा पेटवून धूर केला होता. बागेला थंडी बाधू नये म्हणून करतात तसा. तो धूर जमिनीलगत रांगत रस्त्यावर आला आणि मी उगाचच हँडल धरल्यासारखे हात पुढे केले.

बाहेरच्या लोकांना आमचा खान्देश म्हटलं की ऊन आठवतं. ऊन आहेच. पण इथला हिवाळा ज्यांनी पहाटे मोटारसायकलवरून पाहिलाय, त्यांना आधी वारा आठवतो. यावलहून सातपुड्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांना रात्रभर दिलेलं पाणी आणि त्या ओल्या मातीवरून सुटलेला वारा. तो अंगावर येत नाही, अंगात येतो. गळ्याच्या काजापासून सुरुवात करतो आणि कमरेपर्यंत पोचतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि पायथ्याच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा सकाळची, कारण दुपारी त्याच खोल्यांत प्राथमिकचे वर्ग भरायचे. पहिली यष्टी फाट्यावर सोडायची तीच मुळी प्रार्थना संपल्यावर, आणि तिथून पुढे पायवाट. माझा भाऊ वरणगावच्या फॅक्टरीत लागला, तिथंच राहायला गेला आणि त्याची जुनी फटफटी ओट्याजवळ धूळ खात पडली. एका रविवारी त्यानंच मला ती शिकवली. आमचे वडील, म्हणजे आबा, बांधावर उभे राहून बघत होते. मी दोनदा केळीत घुसले. तिसऱ्यांदा सरळ गेले आणि परतही आले. दुसऱ्या दिवशी आबांनी टाकीत पेट्रोल भरून ठेवलं होतं.

पंजाबी ड्रेस घालून निघायचं, शाळेत पोचल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटामागे साडी नेसायची, असा माझा क्रम होता. थंडीसाठी एकावर एक दोन स्वेटर, वर शाल आणि आत छातीवर घडी केलेला पेपर. ही भावाची शिकवण. पेपरातून वारा शिरत नाही, हे खरं. पण एकदा तो काढायला विसरले आणि फळ्यावर प्रकाशसंश्लेषण लिहायला हात वर केला की छातीतून करकर आवाज. वर्ग हसून लोळला. मी पेपर काढला, टेबलावर पसरला आणि म्हणाले, "हसा. पण वारा का शिरत नाही ते सांगा आधी." तो तास मला अजून आवडतो.

पेपरानं मुलं हसली, छाती मात्र वाचली नाही. त्या हिवाळ्यात मी दोनदा आजारी पडले. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि आबांकडे बघत म्हणाले, "हिच्या छातीला वारा लागतोय." बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "पमे, यंदा झालं ते झालं. पुढच्या हिवाळ्यात असं झालं त गाडी बंद." गाडी बंद म्हणजे नोकरी बंद, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि त्या पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावरच पाचोऱ्याचं स्थळ आलं.

स्थळ चांगलं होतं, हे आधीच सांगते. मुलगा पाटबंधारे खात्यात, स्वभावानं शांत. घरची शेती. दिवाळीत येऊन ते मला पाहून गेले. पसंती आली, तिच्याबरोबर एक निरोपही आला. मोटारसायकल तेवढी नको, चारचौघांत बरं दिसत नाही. नोकरीचं लग्नानंतर पाहू. आई खुश होती. आबांनी मला विचारलं, "काय म्हन्तं?" मी म्हणाले, "बघा तुम्ही." खरंच तसं म्हणाले. त्या काळी मुली असंच म्हणायच्या आणि मी स्वतःला कितीही शहाणी समजत असले, तरी त्या क्षणी जिभेवर दुसरं काही आलं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी धुळ्याला मावशीकडे गेले. आग्रा रोडच्या गर्दीत मावशी बांगड्या बघत होती आणि माझं लक्ष पलीकडच्या दुकानाकडे गेलं. दारातच ट्रकच्या सीटची कव्हरं रचलेली, पट्टे टांगलेले आणि वरच्या खिळ्याला एक काळं चामड्याचं जाकीट. उत्तरेकडे जाणारे ट्रकवाले तिथं जाकिटं शिवून घेत. मी रस्ता ओलांडला, हात वर करून त्या जाकिटाची बाही दोन बोटांत धरली. जाड, थंड, गुळगुळीत. यातून वारा कसा शिरेल?

दुकानात गोंदाचा, मेणाचा आणि नव्या चामड्याचा मिळून एक वास होता. पहिल्यांदा नाकाला झोंबणारा, मग हवाहवासा वाटणारा. मालक रहीमभाई. पन्नाशीचे, मेंदीनं रंगवलेली दाढी, आवाज रस्त्यावर ऐकू जाईल असा.

"भावासाठी पाहिजे का, ताई?"

"माझ्यासाठी."

त्यांनी सुई खाली ठेवली. "लेडीज नाही बनवत आपण. बॅग पाहिजे तर बघा, पर्स आहे."

"पर्स घालून मोटारसायकल चालवता येत नाही," मी म्हणाले.

ते हसले. मागून मावशी धापा टाकत आली. मावशी पक्की धुळ्याची, अहिराणीशिवाय बोलत नसे. "हाई काय नवं याड लागनं तुले? चामडानं जाकीट? पोरनी जात, कसाले जोयजे?"

"वारा लागतो म्हणून."

"तुना बापले इचारं का?"

नव्हतं विचारलं. पगार माझा होता आणि छातीही माझी.

रहीमभाईंनी एखादं तयार लहान मापाचं जाकीट देऊ केलं. मी ते घातलं. खांद्यावर लोंबत होतं आणि छातीवर आवळत होतं. ते काढून ठेवलं आणि सांगितलं, "मला माझ्या मापाचं पाहिजे." मग ते आत वळून ओरडले, "जुबेदा! टेप लेके आना जरा."

जुबेदाभाभी बाहेर आल्या त्या दातांत धागा धरूनच. अस्तर शिवण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला आणि टेप खांद्यावर ठेवला. मी माप देताना नेहमी उभी राहते तशी उभी राहिले. त्यांनी टेप काढून घेतला.

"पोक का काढतेस?"

"कुठं?"

"ही काय. सीधी उभी रहा. कपड्याचं चालतं, बेटी. चमडा असा नाही ऐकत. तू वाकून माप दिलं तर जन्मभर वाकूनच घालावं लागेल."

मी सरळ झाले. सोपं नव्हतं ते. बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून रस्त्यानं जाताना, वर्गात उत्तर द्यायला उठताना, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन जाताना खांदे आपोआप पुढे यायचे. कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्या मैत्रिणींना येत होतं. त्या अंधाऱ्या खोलीत, शिलाई मशीन आणि चामड्याच्या गुंडाळ्यांच्या मध्ये, मी पहिल्यांदा एका परक्या बाईसमोर पूर्ण खांदे मागे घेऊन उभी राहिले. "हां," भाभी म्हणाल्या आणि पडद्याबाहेर आकडे ओरडून सांगू लागल्या. बाहेरून रहीमभाई ते परत उच्चारत लिहून घेत होते. सगळ्या आग्रा रोडला माझी मापं कळली असतील. मावशीनं तोंडाला पदर लावला होता.

बाहेर आल्यावर रहीमभाईंनी विचारलं, "शिवणीत माया किती ठेवू? शादी के बाद बदन भरतं. चमडा तर कुठं जात नाही, वीस साल आरामात चालेल."

"जास्त ठेवा," मी म्हणाले. "मी वीस वर्षं घालणार आहे."

बोलून गेले आणि माझी मीच ऐकत राहिले. वीस वर्षं घालणार म्हणजे वीस वर्षं पहाटे निघणार. त्याच रस्त्यानं, त्याच बागांमधून, त्याच शाळेकडे. 'बघा तुम्ही' म्हणणारी मुलगी आणि ही बाई एकाच तोंडानं बोलत होत्या, आणि मला दुसरीचं बोलणं खरं वाटलं. अस्तराचा रंग कोणता, असं भाभींनी विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता सांगितलं, लाल.

यावलला परतल्यावर दोन-चार दिवस गेले. एका संध्याकाळी शेतात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर आबा स्वतः वांगी भाजायचे, ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. हिरवी, लांबट, आमच्याकडची वांगी. साल तडकून आतून वाफ फुटली की त्या वासानं भूक खवळते. आई भाकरीची टोपली आणायला घराकडे गेली होती. मी जाळापाशी बसले.

"आबा, मला पाचोऱ्याचं नको."

त्यांनी वांगं उलटलं. "काहून?"

"जाकीट शिवायला टाकलंय."

आता लिहिताना हसू येतं. पण मला खरोखरच त्यापेक्षा नेमकं उत्तर सुचलं नव्हतं. आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "जाकिटापायी कोनी स्थळ सोडतं का वं?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले ते खरं, वारा लागतो. म्हणून जाकीट. जाकीट वीस वर्षांचं आहे. ते घालून मला शाळेत जायचंय. त्यांना गाडी नको आणि नोकरीचं ते पाहणार. ते नको. मी आधी 'बघा तुम्ही' म्हणाले, पण आता मीच बघितलंय.

आबांनी वांगी काढली, पाण्याचा हात लावून साली सोलल्या. आई आली. आम्ही जेवलो. त्या भरताला त्यांनी मिरची जरा जास्तच घातली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पाचोऱ्याहून दोनदा निरोप आला, तारखेचं काय. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "कळवतो." सगळं कळल्यावर आईनं माझ्याशी अबोला धरला होता. आमच्या आईचा अबोला म्हणजे ताट वाढताना भांडी जोरात वाजायची, एवढंच. मी रोज पहाटे दोन स्वेटर आणि पेपर घालून निघत होते आणि खोकला येऊ नये म्हणून अक्षरशः देवाला हात जोडत होते.

मार्गशीर्षात एका रविवारी जाकीट अंगावर घालून बघायला धुळ्याला गेले, मावशीला घेऊन दुकानात पोचले. काळं, तकतकीत, आतून लाल. रहीमभाईंच्या चेहऱ्यावर बाप झाल्याचा आनंद होता. मी घातलं, चेन लावली. उभी राहिले तर सुरेख. हात पुढे केले तर बाह्या मनगटापासून चार बोटं मागे आणि पाठीवर असं आवळलं की श्वास अडकला.

"पाठीत आखूड आहे," मी म्हणाले.

"आखूड? ताई, माप तुमचंच आहे. इतके ड्रायवर लोक घेऊन जातात, एकानं तक्रार नाही केली."

"ते स्टिअरिंग धरतात. मला हँडल धरायचंय."

"हात तर हातच असतो!"

ते ऐकेनात. मी इकडे-तिकडे पाहिलं. दुकानासमोर एका दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती, दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. मी सरळ जाऊन तिच्यावर बसले, हँडल धरलं आणि पुढे झुकले. "आता बघा, भाई."

आग्रा रोड थांबला म्हटलं तरी चालेल. पानवाला, हमाल, खरेदीला आलेल्या बायका, सगळे गोळा झाले. दूधवाला हातात चहाचा ग्लास घेऊन आपल्याच गाडीकडे बघत उभा राहिला. मावशी दुकानाच्या खांबाआड गेली आणि तिथून कुजबुजली, "उतर वं माय! बठ्ठा लोके देखी राहिनात!"

"देखू दे, मावशी. मापासाठी बसलेय."

रहीमभाई आधी रागानं लाल झाले. मग माझ्या पाठीमागे आले. खिशातून खडू काढला आणि मी गाडीवर तशीच बसलेली असताना पाठीवर एक रेघ ओढली, मग खांद्याजवळ दुसरी. "जरा वळण घेतल्यासारखं कर," ते म्हणाले. मी डावीकडे झुकले. "आता ब्रेक मार." मी मूठ आवळली. ते उकिडवे बसून कोपराकडे बघत होते. शेवटी उठले आणि गर्दीकडे वळून, जणू त्यांनीच हा शोध लावला होता अशा थाटात म्हणाले, "गाडीवाल्याचं माप गाडीवरच घ्यायला पाहिजे. समजलं का?" दूधवाल्यानं मान डोलावली. त्या दिवसापासून ते मोटारसायकलवाल्यांची मापं तशीच घेऊ लागले, असं भाभींनी मला पुढे सांगितलं.

पाठीला दोन चुण्या, बाह्या लांब. संक्रांतीच्या आधी जाकीट हाती आलं. आईनं ते हुंगलं आणि अबोला मोडला. "बैलाच्या दावनीसारखा वास येते. देवघराकडे आनू नको." पण पडवीत टांगायला खिळा तिनंच ठोकला.

पहिल्या सकाळी मी निघाले तेव्हा काय वाटलं, ते नीट सांगता येईल का, माहीत नाही. तोच रस्ता. तेच ठिबकणारं दव, विहिरीवरच्या मोटारींची घरघर, बैलगाडीखाली लोंबकळणारा कंदील. वारा समोरून आला, छातीवर आपटला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला. मी त्याचा आवाज ऐकत होते. तो मला लागत नव्हता. गावाच्या चढावर आले तेव्हा कळलं, आपण गातोय. शाळेत मुलांनी जाकिटाला हात लावून बघण्यासाठी रांग लावली. त्या हिवाळ्यात मी एकदाही खोकले नाही. पुढच्याही नाही. लग्नही झालं पुढे, गाडी आणि नोकरी दोन्हींसकट. ज्याला ती दोन्ही आवडली अशा माणसाशी. पण ती वेगळी गोष्ट.

कारण त्या जानेवारीत पाचोरा अजून बाकी होतं.

एका रविवारी आबा सकाळीच धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर आले. "गाडी काढ, पमे. पाचोऱ्याले जाऊ."

मी आईकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. "मी पन?" मी विचारलं.

"तुहीच गोष्ट हाये. तू नको?"

याचा अर्थ काय, ते मला कळेना. तारीख ठरवायला जातायत की काय? विचारायचा धीर झाला नाही, आणि मला धीर होत नाही असं क्वचितच व्हायचं. जाकीट घातलं. काढ असं ते म्हणतात का, याची वाट पाहिली. म्हणाले नाहीत. मागे बसले, एका बाजूला दोन्ही पाय सोडून नव्हे, धोतर आवरून नीट दोन्हीकडे पाय टाकून. मागच्या कॅरिअरची दांडी घट्ट धरली. तापीच्या पुलावर धुकं इतकं होतं की नदी खाली आहे हे नुसतं ओलाव्यावरून कळत होतं. जळगाव मागे पडलं. कपाशीनं भरलेल्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनकडे चालल्या होत्या, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते. सबंध वाटेत मी मनातल्या मनात पाचोऱ्याच्या बैठकीत बोलायची वाक्यं रचत होते, मोडत होते.

त्यांच्या अंगणात गाडी उभी केली, तेव्हा मुलाची आई दारात आली. माझ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "गाडीवर आले का?"

"पोरीनं आनलं," आबा म्हणाले.

बैठकीत मुलाचे वडील होते, मुलगाही होता. पाणी आलं. आबांनी ते प्यायलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ सुरुवात केली. "पाव्हनं, निरोप धाडता आला असता. पन तुम्ही मानानं आले होते, म्हनून म्यां म्हटलं आपन जाऊ. पोरगी गाडी सोडनार नाही. नोकरी बी नाही. मले आधी वाटलं, सांगून पाहू. पन आता मी बी तिले सोड म्हननार नाही."

मुलाचे वडील गोंधळले. "मंग कसं जमायचं आबा?"

"नाहीच जमायचं. तेच सांगायले आलो. तुमचा पोरगा गुनाचा हाये, त्याले लटकवून ठेवनं बरं नाही."

मी रचलेली सगळी वाक्यं तशीच राहिली. एकाचीही गरज पडली नाही. मुलाच्या वडिलांनी आत आवाज दिला, "चहा टाका." चहा झाला, कपाशीच्या भावाचं बोलणं झालं. आम्ही निघालो तेव्हा मुलगा गाडीपर्यंत आला. टाकीवर हात ठेवून जरा घुटमळला. "एक विचारू? जाकीट कुठं शिवलं?"

"धुळ्याला. आग्रा रोडला."

"छान बसलंय," तो म्हणाला. चांगला माणूस होता. मला तेव्हाही वाटलं, अजूनही वाटतं.

परतताना ऊन होतं, पण वारा सकाळपेक्षा जास्त. जळगावच्या अलीकडे मला मागे आबा कुडकुडत असल्यासारखं वाटलं. वय झालेलं, अंगात नुसता सदरा आणि उपरणं. मी गाडीचा वेग कमी केला. म्हणाले, "आबा, थांबू का? जाकीट घाला तुम्ही."

"नको."

"गारठाल."

तेव्हा त्यांनी कॅरिअरची दांडी सोडली आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. कळत्या वयात आल्यापासून त्यांनी मला असा हात लावला नव्हता. चामड्यातूनही त्या हातांचं वजन मला नीट कळलं. ते पुढे सरकले, डोकं माझ्या खांद्याशी आणलं. आवाज अगदी कानाजवळून आला.

"जोरात चालव वं. तुह्या मागं वारा लागत नाही."